विहिरीच्या दगडात शंख-शिंपले निघाले: समुद्राचे की तळ्याचे? (हिंगणघाट तालुका)

वावरातला_गोटा

वावरात नवीन विहिरीचं काम सुरू आहे. क्रेननं वर आलेल्या मलम्यात गारगोटीसारखा कडक, पांढरट-राखाडी दगड आहे आणि त्यात शंख गच्च भरले आहेत. काही दोन-तीन सेंटीमीटरचे, काही त्याहून मोठे, मधेमधे शिंपल्यांचे तुकडे; फोटो सोबत टाकला आहे. टेपनं मोजलेले थर वरून खाली असे:

0 ते 1.5 मीटर काळी माती
1.5 ते 4 मुरूम
4 ते 8.2 काळा दगड, सुरुंग लावून फोडला
8.2 ते 8.35 तपकिरी, भाजल्यासारखा कडक थर
8.35 ते 8.8 शंख असलेला पांढरट दगड
8.8 ते 9.4 हिरवट-राखाडी चिकणमाती, ओली असताना लोण्यासारखी
9.4 ते 9.5 लाल माती
9.5 च्या खाली पुन्हा काळा दगड, पण छिद्रांचा. छिद्रांत पांढरे-हिरवे खडे

गावात सगळे म्हणतात इथं समुद्र होता. खरं काय जी? आणि शंख सुटे करायला ॲसिड टाकू का? लवकरच बांधकाम सुरू होईल, मग भिंत दिसणार नाही.

---

थरवाचक

ॲसिड अजिबात टाकू नका. आधी भिंत.

भाऊ, तुमच्या मोजमापाला शंखांपेक्षा जास्त किंमत आहे. दोन लाव्हा थरांच्या मधे सापडलेला गाळ आहे हा, म्हणजे इंटरट्रॅपियन. खालचा लाव्हा थंड झाला, त्याचा माथा झिजून लाल माती झाली, वर पाणी साचलं, गाळ बसला, शंख राहिले आणि मग पुढच्या लाव्हानं सगळं झाकलं. 8.2 ला जो भाजल्यासारखा थर आहे तो वरच्या लाव्हाच्या उष्णतेनं भाजला असण्याची शक्यता मोठी. दख्खनचे हे थर साधारण 6.6 कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत.

बांधकामाआधी एवढं कराच:

विहिरीत उतरायचं ते काम बंद असताना, दोराचा पट्टा बांधून आणि वर माणूस ठेवून. सुरुंगानंतर लगेच नाही. धूर आणि वायू तळाशी साचतात, हवा खेळू द्या. सैल दगड लटकत असेल तर उतरूच नका, लांब दांड्यानं जेवढं निघेल तेवढं काढा.

शंखांचा दगड भिंतीतून काढताना वरच्या बाजूला रंगानं बाण मारा. हा बाण नसेल तर शंख कोणत्या बाजूनं पडले, पोकळीत गाळ खाली बसला की नाही, हे नंतर कळत नाही आणि अर्धी माहिती जाते. मलम्याच्या ढिगातला नमुना शंख ओळखायला चालतो, तेव्हाचं पर्यावरण समजायला नाही. तो वेगळ्या पिशवीत, "मलमा" लिहून.

चिकणमाती मात्र सर्वांत मोलाची. 8.8 ते 9.4 या 60 सेंटीमीटरमध्ये दर 10 सेंटीमीटरला एक असे सहा नमुने घ्या, प्रत्येकी किमान अर्धा किलो. भिंतीचा बाहेरचा दोन-तीन सेंटीमीटर भाग खरवडून टाका, त्यावर वरून ओघळलेली माती असते. काम खालून वर करा, म्हणजे पडणारा चुरा न घेतलेल्या थरावर येणार नाही. लाल मातीचा आणि भाजलेल्या थराचा एकेक नमुना वेगळा.

पिशव्या नव्या वापरा. सिमेंटच्या जुन्या पोत्यात भरलं की चुना मिसळतो. चिठ्ठी पेन्सिलनं लिहून वेगळ्या छोट्या पिशवीत घालून आत ठेवा; पेनची शाई ओल्या मातीत दोन दिवसांत पसरते. चिठ्ठीवर गाव, गट नंबर, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, खोली कुठून कुठपर्यंत, तारीख.

---

टाकळीचा_शंख

फोटोत दिसणारा मोठा, फुगीर शंख फायसा वाटतो. खात्री अशी करा: टोक वर, तोंड तुमच्याकडे. तोंड डाव्या हाताला आलं तर डावरा शंख. इथल्या इंटरट्रॅपियनमधला फायसा प्रिन्सेपाय डावरा आहे आणि आजच्या फायसापेक्षा बराच मोठा. सॉवरबीनं 1840 मध्ये त्याचं वर्णन केलं. आता पुष्कळ जण त्याला प्लॅटिफायसा म्हणतात. त्याच्यासोबत सापडणारे लिम्निया आणि पालुडिना उजवे असतात. शिंपला जाड आणि लांबट असेल तर युनिओ गटाकडे पाहा. ही सगळी गोड्या पाण्याची मंडळी.

डावं-उजवं ठरवताना दोन ठिकाणी फसगत होते. शंख झिजून गेला असेल आणि दगडात फक्त त्याचा ठसा उरला असेल, तर ठशात वळण उलटं दिसतं. ठशात तेलाचा हात लावून प्लास्टिसिन दाबा, काढा आणि त्या प्रतीवर डावं-उजवं पाहा. दुसरं, मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यानं काढलेला फोटो कधी कधी आरशासारखा उलटा साठवला जातो. मागच्या कॅमेऱ्यानं काढा आणि शेजारी पट्टी ठेवा. पट्टीवरचे आकडे सरळ दिसले तर फोटो सरळ.

आणखी एक. काळ्या मातीत आजच्या गोगलगायींचे शंख असतातच. ते हलके, पातळ, थोडी चमक असलेले. विहिरीच्या काठावरचा असा शंख चुकून जीवाश्मांच्या पिशवीत जाऊ देऊ नका.

नागपूरजवळच्या टाकळीचे असे थर हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी अभ्यासले, त्यांचा लेख 1855 चा आहे. शंखांचं सविस्तर वर्णन हिस्लॉप यांनी 1860 मध्ये दिलं. म्हणजे विदर्भातल्या या शंखांवरचं काम दीडशेहून जास्त वर्षांचं आहे. टाकळीचा बराच भाग आज नागपूर शहरात गडप झाला. म्हणूनच वावरातली एक नवी विहीर, मोजमापासकट, फार महत्त्वाची आहे.

---

वणीची_चुनखडी

समुद्राचा प्रश्न राहिला, म्हणून लिहितो.

विदर्भात समुद्र होता, पण तुमच्या शंखांच्या काळाच्या फार आधी. वणी, मुकुटबन, कोरपना, गडचांदूर या भागात सिमेंटसाठी जी चुनखडी काढतात ती पैनगंगा गटाची. थर पातळ, सरळ, दाणा अगदी बारीक; शांत समुद्रतळावर चुन्याचा चिखल बसून तयार झालेला दगड. पण तो प्रोटेरोझोइक काळातला, म्हणजे 50 कोटी वर्षांहून कितीतरी जुना आहे. कवचवाले प्राणी तेव्हा अजून आलेच नव्हते. त्यामुळे खदानीत कितीही शोधा, शंख मिळणार नाही. तिथं जे फांद्याफांद्यांचं "झाड" दगडावर दिसतं ते मँगनीजचं आहे, फटीत पाण्यानं पसरलेलं. त्याला शेवाळाचा जीवाश्म समजून लोक घरी नेतात.

मग त्या चुनखडीवर चंद्रपूरजवळ इरई नदीकाठी तालचीरचे (सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचे) हिमनदीचे थर बसले आहेत आणि खालच्या चुनखडीवर हिमनदीनं ओढलेल्या रेघा आहेत. तालचीरच्याच काळात मध्य भारतात समुद्राचं पाणी आत आल्याचा पुरावा आहे, पण तो छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडला, हसदेव नदीत: युरिडेस्मा नावाचे जाड शिंपले. उमरियाला प्रॉडक्टस हा ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखा दिसणारा समुद्री प्राणी). आपल्या जिल्ह्यांत नाही.

म्हणजे विदर्भात जिथं समुद्रतळ आहे तिथं शंख नाहीत, आणि जिथं शंख आहेत तिथं बहुतेक तळं आहे. हे गावात नीट सांगायला हवं, कारण शंख दिसला की समुद्र हे समीकरण पक्कं बसलेलं असतं.

---

नर्मदेपलीकडे

समुद्री थर हातात घेतला की फरक कसा दिसतो तेही लिहा कुणी. नवीन माणसाला तुलना लागते.

---

थरवाचक

एकट्या शंखावरून ठरवू नका, सोबत कोण आहे ते पाहा. खाऱ्या पाण्याशिवाय न जगणारे गट आहेत: कंटकचर्मी (समुद्री अर्चिन, तारामासा, समुद्रकमळ), पोवळी, ब्रॅकिओपॉड आणि ॲमोनाइटसारखे शीर्षपाद. यातला एकही तुकडा त्याच थरात, वाहून न आलेला मिळाला की समुद्र. देवघरातला शाळिग्राम हा ॲमोनाइटच. गंडकीच्या खोऱ्यात मिळणारा तो दगड हिमालय उभा राहण्याआधीच्या समुद्रतळाचा आहे.

सर्वांत जवळचं चांगलं उदाहरण म्हणजे मध्य प्रदेशातले बाघ थर, धार जिल्ह्यात. गाठाळ चुनखडी, त्यात समुद्री अर्चिन, ऑयस्टर, ॲमोनाइट. वरच्या चुनखडीत ब्रायोझोआ या वसाहतीनं राहणाऱ्या बारीक प्राण्यांचे फांद्यांसारखे तुकडे इतके, की दगड त्यांचाच बनलेला. समुद्री अर्चिनच्या कवचाचा तुकडा ओळखायला सोपा: प्रत्येक तुकडा कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचा एकच स्फटिक असतो, तोडला की सपाट चकाकता पृष्ठभाग निघतो. भिंगाखाली दहापट मोठं करून पाहिलं तरी पुरे.

समुद्री कवचांवर दुसऱ्या प्राण्यांचे उद्योगही दिसतात: स्पंजनं पाडलेली बारीक भोकं, चिकटलेले नळीकिडे, ऑयस्टर. तळ्यातल्या शंखांवर हे जवळपास नसतंच.

मांडणीही बोलते. शिंपल्याच्या अर्ध्या वाट्या पालथ्या पडल्या असतील तर तळाशी प्रवाह होता. पाणी त्यांना स्थिर बाजूला उलटवतं. दोन्ही वाट्या मिटलेल्या, जोडलेल्या असतील तर प्राणी जिवंत किंवा नुकता मेलेला असताना गाळाखाली गेला. एकाच मापाचे शंख दाटीनं असतील तर पाण्यानं निवडून आणले असावेत. म्हणून तो बाण.

हिरव्या रंगावर भरवसा ठेवू नका. समुद्रात तयार होणारं ग्लॉकोनाइट हिरवं असतं, पण आपल्या काळ्या दगडाच्या छिद्रांतलं सेलॅडोनाइटही हिरवंच आणि दिसायला जुळं. तुमच्या छिद्रातले हिरवे खडे तेच असतील, आणि चिकणमातीचा रंगही लाव्हा झिजूनच आलेला असू शकतो.

लॅमेटा थरांबद्दल (दख्खनच्या लाव्हाखालचे गाळाचे थर) असाच वाद झाला होता. 1970 च्या दशकात जबलपूरकडे हिरवा वालुकाश्म आणि खेकड्यांसारखी बिळं पाहून समुद्रकिनारा, भरती-ओहोटी असं मांडलं गेलं. नंतर 1980 च्या दशकात मातीच्या थरांचा, कंकराच्या गाठींचा, मुळांच्या खुणांचा अभ्यास होऊन नदीचं मैदान आणि कोरडं हवामान हे चित्र पुढं आलं. बीळ एकटं खारं पाणी सिद्ध करत नाही. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या लॅमेटातही डायनोसोरची हाडं, कासवं आणि विष्ठेचे जीवाश्म आहेत, सगळं जमिनीवरचं किंवा गोड्या पाण्यातलं. त्याच विष्ठेत गवताचे सिलिकाकण सापडले आणि 2005 मध्ये ते प्रसिद्ध झाले.

---

खारफुटी

वरच्या सगळ्याशी सहमत, पण "तळंच" असं शिक्कामोर्तब आत्ताच नको. छिंदवाड्याजवळच्या झिलमिलीच्या इंटरट्रॅपियनमध्ये गोड्या पाण्याच्या थरांच्या मधे काही सेंटीमीटरांच्या पट्ट्यात तरंगणारे फोरामिनिफेरा (समुद्रातले एकपेशी, कवचवाले सूक्ष्मजीव) आणि निमखाऱ्या पाण्यातले ऑस्ट्राकोड (दोन झडपांच्या कवचाचे बारीक कवचधारी प्राणी) मिळाले. 2009 मध्ये ते प्रसिद्ध झालं. डायनोसोर संपल्यानंतर लगेचच्या डेनियन काळातले. त्यावरून समुद्राचा एक फाटा मध्य भारतापर्यंत आला होता असं मांडलं गेलं. पाणी नर्मदेच्या बाजूनं आलं की गोदावरीच्या, यावर मतभेद आहेत. मोहगावकलानलाही नायपा या खारफुटीतल्या ताडाचं फळ मिळालं आहे.

झिलमिली काही नागपूरपासून परदेशात नाही. शंख गोड्या पाण्याचे निघाले तरी चिकणमाती धुतल्याशिवाय सोडायची नाही.

---

चाळणी_63

धुण्याची पद्धत. साधं सामान, पण क्रम मोडू नका.

नमुना उन्हात पूर्ण वाळवा, भट्टी असेल तर 50 ते 60 अंशांवर. अर्धवट ओली चिकणमाती पाण्यात कधीच सुटत नाही. पहिलं अपयश इथंच येतं. वाळल्यावर हरभऱ्याएवढे तुकडे करा, कुटू नका. 200 ग्रॅम वजन करून घ्या, उरलेली माती तशीच जपून ठेवा.

आधी नुसतं पाणी, त्यात चमचाभर धुण्याचा सोडा, रात्रभर. सुटलं नाही तर पुन्हा वाळवून रॉकेलची पद्धत: कोरड्या तुकड्यांवर रॉकेल किंवा व्हाइट स्पिरिट ओता, तासभर मुरू द्या, जास्तीचं गाळून बाटलीत परत भरा, मग गरम पाणी ओता. तुकड्यांच्या आत गेलेल्या तेलाची जागा पाणी घेतं आणि माती फुटते. हे उघड्यावर, चुलीपासून लांब.

हायड्रोजन पेरॉक्साइड शेवटी, तेही 5 ते 10 टक्के, दोन-तीन तासांपेक्षा जास्त नाही. मातीत पायराइट असलं तर गंधकाचं आम्ल तयार होतं आणि पातळ ऑस्ट्राकोड विरघळून जातात. मग माणूस म्हणतो, "काही मिळालं नाही." चिमूटभर सोडा टाकला तर आम्ल मारलं जातं.

चाळण्या वरून खाली: 1 मिलिमीटर, 425, 150, 63 मायक्रॉन. झिलमिलीसारख्या प्रश्नासाठी 38 ची पण हवी, कारण डेनियनच्या सुरुवातीचे फोरामिनिफेरा फार बारीक; 63 मधून निसटतात. नळाची धार हळू ठेवा, बोटानं घासू नका, चाळणीचा तळ खालून पाण्यात हलवा. खाली जाणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत.

दोन नमुन्यांच्या मधे चाळणी मिथिलीन ब्ल्यूच्या पाण्यात बुडवा. आधीच्या नमुन्याचा जाळीत अडकलेला दाणा निळा होतो आणि पुढच्या नमुन्यात ओळखू येतो. खाऱ्या पाण्याचा एखादा दाणा मिळाला आणि चाळणी निळी केलेली नसेल, तर तो पुरावा म्हणून कुणी मानणार नाही. मानूही नये.

चिकणमातीचं गढूळ पाणी गटारात सोडू नका, गाळ बादलीत बसू द्या.

वाळलेला अवशेष काळ्या ट्रेवर थोडा थोडा पसरा, 20 ते 40 पट स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, 000 नंबरचा ओला ब्रश. एक-एक दाणा उचलायचा.

---

वावरातला_गोटा

सहाही नमुने घेतले, बाण मारून दगड काढले. विद्यार्थ्यांना घेऊन 8.8 ते 8.9 चा नमुना इथल्या कॉलेजात धुतला. मोठा शंख डावरा आहे, प्लास्टिसिनवर पाहिला. 425 च्या चाळणीवर अर्ध्या ते एक मिलिमीटरचे गोल दाणे आहेत, काहींवर तिरप्या रेघा. काही नुसतेच गोल, काचेसारखे. दगडावर सौम्य हायड्रोक्लोरिकचा एक थेंब टाकला: दगड फसफसत नाही, शंखही नाही. दोन तुकड्यांत मात्र दगड फसफसतो.

---

चाळणी_63

तिरप्या रेघांचे दाणे कॅरा गटाच्या पाणवनस्पतींची फळं, जायरोगोनाइट. खात्रीसाठी पाहा: पाच पट्ट्या डाव्या बाजूनं वळत गेलेल्या, एका टोकाला छोटं भोक. ही वनस्पती उथळ, स्वच्छ, गोड्या किंवा फार तर निमखाऱ्या पाण्यात वाढते. टाकळीलाही भरपूर आहेत.

काचेसारखे गोल दाणे फसवे. ते काळ्या दगडाच्या छिद्रांतले झिओलाइट किंवा कॅल्सेडनीचे असू शकतात. एक फोडून पाहा. आत मध्यापासून बाहेर जाणारे तंतू दिसले तर खनिज, जीव नाही. फोरामिनिफेरा म्हणून असे दाणे अनेकांनी नोंदवले असतील, म्हणून काळजी. उरलेले पाच नमुनेही धुवा, आणि खालचे आधी: पाणी साचायला लागलं तेव्हा काय होतं ते तिथं आहे.

---

टाकळीचा_शंख

थेंबाच्या चाचणीतून पुढची वाट ठरते. शंख मूळ ॲरॅगोनाइट या चुन्याच्या खनिजाचा होता, ते जाऊन जागी सिलिका (गारगोटीचं द्रव्य) आली. लाव्हा झिजताना सुटलेली सिलिका पाण्यात मुबलक असते. दगडही सिलिकेचा, म्हणजे चर्ट. अशा तुकड्यांवर कोणतंही घरगुती ॲसिड काम करणार नाही. हायड्रोफ्लोरिकचा विचारही नको, ते त्वचेतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं. चर्टचा पातळ छेद घ्यावा लागेल: 220, 400, 600, 1000 नंबरच्या सिलिकॉन कार्बाइडवर घासून, काचपट्टीवर इपॉक्सीनं चिकटवून, 30 मायक्रॉनपर्यंत. ध्रुवित प्रकाशात क्वार्ट्झ फिकट राखाडी दिसायला लागला की थांबा. पिवळा-केशरी दिसतो तोवर छेद जाड आहे.

जे दोन तुकडे फसफसतात त्यांत शंख सिलिकेचा आणि दगड चुनखडीचा असेल, तर सोनं हातात आहे. शंखावर वेगळा थेंब टाकून खात्री करा. मग 10 टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये, प्लास्टिकच्या जाळीवर ठेवून, दिवसाआड द्रावण बदला. जेवढे दिवस ॲसिडमध्ये, त्याच्या दुप्पट दिवस साध्या पाण्यात. नाहीतर वाळल्यावर कवचात मीठ फुलतं आणि ते तडकतं. शंखही फसफसला तर ॲसिड बंद.

चुनखडीच्या तुकड्याची पातळ साल काढण्याची पद्धतही सोपी आहे. पृष्ठभाग 600 पर्यंत घासा, 5 टक्के हायड्रोक्लोरिकमध्ये 10-15 सेकंद धरा, पाण्यानं अलगद धुवा, वाळू द्या. ॲसिटोन पसरा आणि ॲसिटेटचा कागद एका कडेनं लोळवत ठेवा, खाली बुडबुडा राहू देऊ नका. वीसेक मिनिटांनी सोला. कागद सेल्युलोज ॲसिटेटचाच हवा. प्रोजेक्टरसाठी मिळणारे बरेच पारदर्शक कागद पॉलिस्टरचे असतात, ते ॲसिटोननं मऊच होत नाहीत आणि ठसा उठत नाही.

---

खारफुटी

समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) चाचणी करून खारं-गोडं ठरवता येईल का, असं कुणी विचारेलच. सिलिका झालेल्या शंखावर नाही. मूळ कवच उरलेलंच नाही, आकडा येईल तो नंतरच्या पाण्याचा. फसफसणाऱ्या तुकड्यातही आधी कवच ॲरॅगोनाइट आहे का ते फाइगल द्रावणानं पाहा. ॲरॅगोनाइट काळं पडतं, कॅल्साइट तसंच राहतं. तळाच्या चिकणमातीत न बदललेले ऑस्ट्राकोड मिळाले तर त्यांच्यावर करण्यात अर्थ आहे.

---

थरवाचक

आतापर्यंतचा निष्कर्ष 8.8 ते 8.9 पुरता: उथळ, गोडं तळं, कॅराची वाढ, फायसा. बाकी पाच नमुने धुतले जाईपर्यंत समुद्राचा फाटा नाही असं लिहू नका, "अजून पुरावा नाही" असं लिहा.

नमुन्यांचा एक पूर्ण संच, थरांच्या मोजमापासह, नागपुरात सेमिनरी हिल्सला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवा. दुसरा संच कॉलेजात राहू द्या. सुटे शंख वाटू नका आणि विकू नका. चिठ्ठीशिवायचा शंख कोणत्याही संग्रहाला उपयोगाचा नाही. दगडांवर नंबर टाकताना आधी नेलपॉलिशचा पांढरा ठिपका, वाळल्यावर त्यावर काळ्या शाईनं नंबर, मग पारदर्शक थर. तोच नंबर वहीत, खोलीसमोर.

विहीर बांधताना मिस्त्रीला सांगून 8.2 ते 9.5 च्या पट्ट्यात, शक्य झालं तर एका बाजूला हातभर रुंदीचा भाग प्लास्टर न करता दगडी चौकटीत उघडा ठेवता येईल का ते विचारा. चिकणमाती असल्यामुळे तो भाग पाण्यानं ढासळेल, म्हणून समोर लोखंडी जाळी लागेल. मिस्त्री नाही म्हणाला तर हट्ट नको, विहीर टिकणं आधी. त्याऐवजी पट्टीसकट भिंतीचे फोटो काढा, प्रत्येक अर्ध्या मीटरचा एक, सरळ समोरून, एकमेकांवर थोडे चढवून.